टर्नरने विणलेला विठोबाचा स्वेटर

पडदा वर जातो तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. सातपूरच्या कारखान्यांमागची एक कॉलनी, तिथल्या एका घराचा ओटा. डावीकडे तुळस, उजवीकडे जुनी साडी पांघरलेली मोटारसायकल, मध्ये एक लाकडी बाक. पहिल्या पाळीहून परतणाऱ्या गाड्यांची फटफट हेच पार्श्वसंगीत. बाकावर एकाहत्तर वर्षांचे नाथा खैरनार बसलेले आहेत. पाठ ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही हातांत सुया, जिभेचं टोक ओठांबाहेर. पायाशी स्टीलच्या डब्यात लोकरीचा गुंडा. प्रेक्षागृहात प्रेक्षक एकच. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई बसल्या आहेत आणि त्या मुद्दाम रस्त्याकडे बघताहेत.

"चाळीस टाक्यांनी सुरुवात केली होती," नाथा खैरनार हातातलं विणकाम मोजून म्हणाले. "त्रेसष्ट झालेत."

चंद्रभागाबाईंनी मान वळवली नाही. "पिल्लं घातली असतील."

नाथा खैरनारांना सारी कॉलनी आप्पा म्हणते, म्हणून आपणही आप्पाच म्हणू. आप्पा मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ते टर्नर होते. लेथवर लोखंड फिरत असायचं आणि आप्पांच्या हाताखालून केसाच्याही अंशाने न चुकता माप निघायचं. ही झाली पोटापाण्याची गोष्ट. त्यांचा खरा जीव होता नाटकात. कारखान्याचा संघ कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरायचा, आणि आप्पा त्यात अकरा वर्षं उतरले. भूमिका म्हणाल तर हवालदार, दुसरा गावकरी, सरदार क्रमांक तीन. एकदा तर पूर्ण एक अंक प्रेत होऊन पडायचं काम मिळालं. दहाव्या मिनिटाला प्रेताला शिंक आली. आप्पा हा प्रसंग स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "तेवढाच एक हशा मी आयुष्यात स्वतःच्या कष्टानं मिळवला." अभिनयाचं एक उत्तेजनार्थ प्रमाणपत्र अजून दिवाणखान्यात टांगलेलं आहे. ते कोणत्या भूमिकेसाठी होतं, हे विचारलं की आप्पा विषय बदलतात.

विणकाम मात्र त्यांचं नव्हतंच. ते चंद्रभागाबाईंचं. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात त्यांच्या सुया चार ओळी पुढे जायच्या. घरातल्या सगळ्यांचे स्वेटर त्यांच्या हातचे, शेजारच्या निम्म्या पोरांची टोपडी त्यांच्या हातची. आणि सगळ्यांत मानाचं काम म्हणजे कॉलनीतल्या देवळातल्या विठोबाचा स्वेटर.

ही प्रथा त्यांनीच पाडली. बावीस वर्षांपूर्वी एका कडाक्याच्या थंडीत त्या काकडआरतीला गेल्या होत्या. स्वतः दोन शाली गुंडाळून बसल्या, समोर तीन फुटांचा काळा पाषाणाचा देव उघड्या अंगाने उभा. आरती संपायच्या आत त्यांच्या मनात टाके पडले होते. तेव्हापासून दर मार्गशीर्षातल्या एकादशीला देवाला नवा स्वेटर चढतो, आणि पाडव्याला तो उतरवून कॉलनीत ज्या घरी पाळणा हलला असेल तिथे बाळाला दिला जातो. मग त्या बाळाला सर्दी झाली तरी आई म्हणते, देवाच्या स्वेटरात झाली, लवकर जाईल.

गेल्या आषाढात चंद्रभागाबाईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा महिन्याभरात परत आली, पायही चार पायांच्या काठीच्या आधाराने घरभर फिरू लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. ती रबरी चेंडू हातात देऊन म्हणायची, "आजी, दाबा." आजी चेंडूकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हा हात माझा नाय. शेजारणीनं ठेवायला दिलाय. ती आली की देऊन टाकीन."

ती मुलगी एकदा निघताना आप्पांना बाजूला घेऊन बोलली. "आजोबा, पहिले सहा महिने फार महत्त्वाचे. नंतर हात हट्टी होतो. जे काम त्यांनी आयुष्यभर केलं, त्यात त्यांना ओढा. विणायला बसवा."

सांगणं सोपं होतं. आप्पांनी सुया समोर ठेवल्या, तर चंद्रभागाबाईंनी डाव्या हाताने त्या उचलल्या आणि कपाटात टाकून दिल्या. "पुन्हा काढू नका," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर आप्पांना बरं वाटलं असतं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. दुकानाचं शटर खाली ओढताना जसा शेवटी नुसता खट्ट आवाज होतो, तसा तो होता.

त्या दिवशी आप्पांनी ठरवलं की आता आपणच विणायचं. हिशेब साधा होता. बाईसमोर कोणी वाकडा भांग पाडला तरी तिचा हात शिवशिवतो. समोर बसून रोज वाकडं विणणारा माणूस ती किती दिवस सहन करेल? हिशेबात एकच खोट होती. आप्पांना वाकडं विणायचं नव्हतं. त्यांना वाटत होतं की ज्या हाताने लोखंड वळवलं त्या हाताला लोकर म्हणजे काय मोठी गोष्ट. सुरुवातीला नवशिक्याच्या हातून आपोआप चुकेल तेवढ्याने बायकोला चीड यावी, आणि मग हळूहळू तिने थक्क व्हावं इतकं चांगलं विणावं, असा त्यांचा दोन अंकी बेत होता. पहिला अंक अपेक्षेपेक्षा फारच रंगला.

चंद्रभागाबाईंच्या सुयांना हात लावायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने पोलादी सळईच्या सुया घडवल्या. वजनाला अशा, की विणताना मनगट दुखे. टोकं अशी, की पहिल्याच दिवशी बाकाच्या गादीत एक सुई आरपार गेली. शिक्षण मोबाईलवरून सुरू झालं. त्यात एक दिल्लीकडच्या बाई फार प्रेमाने हिंदीतून शिकवायच्या. "अब धीरे से फंदा उतार दीजिए," त्या म्हणायच्या, आणि आप्पा फंदा, म्हणजे टाका, उतरवायच्या ऐवजी सुईच उतरवायचे. मग वीस टाके एकदम मोकळे होऊन त्यांच्याकडे तोंड वासून बघत.

पहिला मफलर सुरू झाला वीतभर रुंदीचा आणि संपला परकराच्या रुंदीचा. सून रूपालीने तो अंगाभोवती धरून बघितला. रूपाली बालवाडीत शिकवते, त्यामुळे कोणाच्याही हस्तकलेला चांगलं म्हणायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "आप्पा, रंग छान आहे."

"आणि आकार?"

"रंग फार छान आहे."

मग आप्पांनी चंद्रभागाबाईंसाठी पायमोजे विणले. धागा ओढून ओढून, नट कसावा तसा एकेक टाका कसला. तयार झालेला मोजा फरशीवर ठेवला तर तो आपला आपण उभा राहिला. आप्पांनी तो वाजवून बघितला. चंद्रभागाबाई बराच वेळ त्या मोज्याकडे बघत होत्या. "हाई काय शे?" त्यांनी माहेरच्या बोलीत विचारलं. फार हसू आलं किंवा फार संताप आला की त्या अहिराणीत शिरत. आप्पांनी आशेने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता तसाच.

"पायमोजा आहे."

"त्यात डाळ शिजवता येईल."

इतपत संवाद व्हायचा, डाव्या हाताचं बोटही कधी पुढे यायचं, "हा टाका गळाला, तो बघा, खाली." पण सुईला त्या शिवत नसत. आषाढाचा श्रावण झाला, श्रावणाचा आश्विन. रूपालीच्या कपाटात आप्पांचे सात प्रयोग जमा झाले, आणि सहा महिन्यांतले चार सरले.

दिवाळी झाल्यावर सिंधुबाई आल्या. सिंधुबाई देवळाच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मनाने चांगल्या, फक्त निर्णय आधी घेऊन मग विचारायला येतात. चहाचा कप हातात घेत त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला आता कशाला तो त्रास? आम्ही मंडळात ठरवलंय. यंदापासून देवाला शाल पांघरू. छान मऊ शाल मिळते."

"हो," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "शालच बरी."

पुन्हा तोच शटरचा आवाज. आप्पांच्या कानात 'यंदापासून' हा एकच शब्द राहिला. यंदा नव्हे, यंदापासून. म्हणजे पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. स्वेटर गेला तर जाऊ दे, पण चंद्रभागेने हात कायमचा शेजारणीला देऊन टाकला, असं होणार होतं.

नाटकात आप्पांना एक खोड होती. संहितेत नसलेलं वाक्य ते मध्येच ठोकून द्यायचे आणि मग समोरचा नट घामाघूम व्हायचा. तीच खोड इथे उफाळली. "शाल नको," ते म्हणाले. "स्वेटर होईल. खैरनारांच्याच घरातून होईल."

"विणणार कोण?" सिंधुबाईंनी विचारलं.

"मी."

सिंधुबाईंनी कप खाली ठेवला. रूपाली स्वयंपाकघराच्या दारात थबकली. सिंधुबाईंनी त्या उभ्या राहणाऱ्या मोज्याची गोष्ट ऐकलेली होती, साऱ्या कॉलनीने ऐकलेली होती. "बरं," त्या सांभाळून म्हणाल्या. "मी शाल पिशवीत आणून ठेवते. असू द्या."

त्या गेल्यावर चंद्रभागाबाई नवऱ्याकडे पूर्ण वळल्या. "देवाची थट्टा करायची नाय."

"थट्टा कसली? तू सांग, मी विणतो. माप सांग, घडण सांग."

"मला काय माहीत? ते हाताला माहीत होतं." त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला. "मला दाखवू पण नका. देवाला घाला नायतर खांबाला घाला."

आप्पा दुखावले. दुखावलेला नट फार मेहनत करतो. "ठीक आहे," ते म्हणाले. "आता थेट प्रयोगालाच बघ."

जुना नमुना मिळण्याची सोय नव्हती, कारण बावीसही स्वेटर बाळांच्या अंगाखांद्यावर झिजून गेले होते. आप्पा व्हर्नियर घेऊन देवळात गेले. लोखंडी भागाची जाडी मोजायचं ते मापयंत्र बघून गुरवकाका गाभाऱ्याच्या दारात आडवे आले. "आप्पा, लोकर सोवळ्याला चालते. हे लोखंड नाही चालणार." शेवटी गुरवकाकांनीच लोकरीच्या धाग्यांनी मापं घेतली, छातीचं, बाहीचं, गळ्याचं, आणि प्रत्येक धाग्याला गाठ मारून दिली. दरवर्षी स्वेटर चढवायला चंद्रभागाबाई स्वतःच गाभाऱ्यात जायच्या, त्यामुळे त्याची घडण गुरवकाकांनाही सांगता येईना. आप्पांनी घरी येऊन त्या धाग्यांना व्हर्नियर लावलं.

मग आलेख कागदावर रीतसर ड्रॉइंग झालं. समोरून, बाजूने, वरून. मागून काढायचं राहिलं, तिथे त्यांनी लिहिलं, 'समोरच्याप्रमाणे'. देवाच्या मस्तकावर पाषाणाचाच उंच टोप आहे, तो गळ्यातून जाणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की ते उठून दोनदा ओटाभर फिरले. उपाय म्हणून दोन्ही खांद्यांवर बटणं आली. हातातल्या घट्टपणावरही त्यांनी इलाज शोधला. विणताना मोठ्याने अभंग म्हणायचा, म्हणजे मन सैल राहतं आणि टाकाही. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली, पण टाके खरोखर सैल पडू लागले.

चार तुकडे विणले, पुढचा, मागचा, दोन बाह्या. पितांबराला शोभेल असा पिवळा रंग, छातीवर तुळशीचं एक पान. ते पान जवळून बघितलं तर पिंपळाचं वाटे आणि लांबून बघितलं तर वांग्याचं, पण चुकून वाढलेला टाका मात्र एकही नव्हता. तुकडे दाभणाने शिवून जोडले, दुहेरी दोऱ्याने, बोटाबोटाच्या अंतरावर गाठ मारून. बाह्यांच्या नळ्या अगदी गोल झाल्या. स्वेटर हँगरला लावून आप्पा लांब उभे राहिले. त्यांना वाटलं, हे आपलं पहिलं काम, ज्यात आपण दुसरा गावकरी नाही.

एकादशीला सकाळी देऊळ भरलेलं होतं. मुलगा कुंदन पहिल्या पाळीला गेला होता, म्हणून रूपालीने सासूबाईंना धरून आणलं आणि सभामंडपात खुर्चीवर बसवलं. आप्पांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. अभिषेक झाला, अंग पुसून झालं. गुरवकाकांनी स्वेटर हातात घेतला, खांद्याची बटणं काढली, टोपावरून अलगद खाली घेतला. गळा कसा बसला म्हणता, मापाला माप. बायकांमधून "वा" असा एक बारीक आवाज आला. आप्पांनी नकळत मान किंचित झुकवली.

मग गुरवकाका थांबले. त्यांनी एक बाही इकडून बघितली, तिकडून बघितली. वाकून बघितली.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"देवाचा हात सुटत नाही."

"कुठून?"

"कमरेवरून."

सगळ्यांच्या नजरा देवाच्या कमरेकडे गेल्या. विठोबा कमरेवर हात ठेवून उभा असतो, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आप्पांनी बावीस वर्षं मार्गशीर्षात त्याच्यासमोर हात जोडले होते. बाही चढवायची तर आधी पंजा घालावा लागतो, आणि इथे दोन्ही पंजे पाषाणात कमरेला चिकटलेले. नळीचं माप कितीही बरोबर असो, ती चढणार कुठून?

"जरा ओढून बघा," आप्पा म्हणाले.

"कोणाला ओढू? देवाला की स्वेटरला?"

मागून कोणी तरी सुचवलं की रुक्मिणीला होतो का बघा. "तिचेही हात कमरेवरच आहेत," गुरवकाका शांतपणे म्हणाले.

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही, पण नंतर सगळेच हसले, आणि आप्पाही हसले, कारण न हसता उभं राहणं अधिक अवघड होतं. ते म्हणाले, "चौतीस वर्षं पार्ट बनवले. पार्ट एक नंबर झालाय. फक्त मशिनवर चढत नाही." लोक आणखी हसले. आप्पांना मात्र एक कोट आठवला. सरदार क्रमांक तीनचा भरजरी कोट त्यांनी कित्येक प्रयोगांत घातला होता. तो कोट पाठीमागून अख्खा उघडा असायचा, नाड्यांनी बांधायचा, म्हणजे विंगेत एका मिनिटात बदलता यावा. समोरून प्रेक्षकांना तो सलग दिसे. चंद्रभागाही देवाला तसंच काहीतरी करत असणार. आपण तिचं काम बावीस वर्षं प्रेक्षकात उभं राहून बघितलं, विंगेत जाऊन एकदाही बघितलं नाही.

देवाच्या गळ्यात स्वेटर अडकलेला, दोन्ही बाह्या खांद्यांवरून लोंबकळणाऱ्या. सिंधुबाईंचा हात त्यांच्या पिशवीत गेला. शालीची घडी अर्धी बाहेर आली. आप्पांनी ती बघितली आणि मान खाली घातली.

"इकडं आणा ते."

चंद्रभागाबाईंचा आवाज मोठा नव्हता, पण गुरवकाकांनी तो ऐकला. स्वेटर उतरवून त्यांनी मांडीवर आणून दिला. चंद्रभागाबाईंनी तो उलटा केला. शिवण बघितली. मग नवऱ्याकडे बघितलं.

"बाराबंदी बघितली नाय का कधी? बाजूनं उघडी ठेवायची, बंदांनी बांधायची. बाहीपण खालून उघडी." मग देवाकडे बघून पुटपुटल्या, "चारचौघांत असा उभा केला देव." आणि रूपालीला म्हणाल्या, "पिन दे तुझी, साडीची."

सगळी शिवण उसवायची होती. पण एका हाताने उसवता येत नाही. एकाने धरावं लागतं, दुसऱ्याने ओढावं लागतं. त्यांनी उजवा हात उचलून बाहीवर ठेवला, कागदावर वजन ठेवावं तसा, आणि डाव्या हाताने पिनेने टाका उचलून ओढला. बाही हाताखालून सरकली. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकली. रूपाली धरायला पुढे झाली. आप्पांनी तिला डोळ्यांनी थांबवलं. समोरचा नट वाक्य शोधत असला की त्याच्या तोंडात आपलं वाक्य घालायचं नसतं, इतकं तरी ते अकरा वर्षांत शिकले होते.

"एवढं घट्ट शिवलंय," चंद्रभागाबाई कुरकुरल्या, "जसा काय देव पळून जाणार होता. आणि ही गाठ. ही पुन्हा गाठ. माणूस आहे का पाना?" तिसऱ्या गाठीला त्यांनी पिन घुसवली आणि रागाने हिसका दिला. या वेळी बाही सरकली नाही.

उजव्या हाताचा अंगठा वळून बोटांवर आला होता आणि बाहीची कड त्या चिमटीत होती.

चंद्रभागाबाईंना कळलंच नाही. त्या गाठींना शिव्या घालत होत्या. आप्पांना दिसलं, रूपालीला दिसलं. वीतभर शिवण उसवल्यावर चंद्रभागाबाईंचं लक्ष खाली गेलं. त्या थांबल्या. चिमटीकडे बघत राहिल्या, कोणी अनोळखी माणूस घरात येऊन बसावा तसं. मग त्यांनी पिन पुन्हा उचलली आणि पुढची गाठ धरली.

आरतीला अर्धा तास उशीर झाला. कोणी घड्याळ बघितलं नाही. चारही बाजू उसवून झाल्या, रूपालीने लोकर पिळून बंद वळले आणि गुरवकाकांनी देवाला बाराबंदी बांधली. छातीवर ते वांग्याचं पान. सिंधुबाईंनी शाल घडी करून पिशवीच्या तळाशी घातली आणि वर नारळ ठेवला.

घरी आल्यावर चंद्रभागाबाईंनी जेवणही होऊ दिलं नाही. "ते लोकर पिळलेले बंद आठ दिवसांत तुटतील," त्या म्हणाल्या. "माझ्या सुया काढा कपाटातून. तुमच्या त्या सळया नको." चार टाक्यांचा नुसता बंद, पण दुपारभरात तीन ओळी झाल्या. सुई उजव्या काखेत धरायची, अंगठ्याने टाका पुढे ढकलायचा, पाच मिनिटांनी हात थकून पडायचा. दुसऱ्या दिवशी व्यायामवाली मुलगी आली तर आजींनी तिला चेंडू परत देऊन टाकला. बोटं पूर्ण वळायला अजून किती दिवस लागतील, वळतील की नाही, हे तिने सांगितलं नाही. तिने फक्त त्या तीन ओळी मोजल्या आणि वहीत लिहिल्या.

आणि मग कॉलनीत वाऱ्यासारखी बातमी पसरली. तिच्या लेखिका सिंधुबाई. आप्पांनी सगळं ठरवून केलं, असं त्या दळणाच्या गिरणीपासून भाजीच्या गाडीपर्यंत सांगत सुटल्या. "बायकोचा हात चालावा म्हणून त्यांनी स्वेटर मुद्दाम चुकवला. चार महिने ते मोजे, तो मफलर, सगळं नाटक. कसलेला नट आहे तो माणूस." लोक रस्त्यात थांबवून आप्पांचा हात हातात घेऊ लागले. एकाने तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की असं काम मी आजवर रंगभूमीवर बघितलं नाही.

आप्पांनी पहिल्या दिवशी नको नको म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवशी नुसतं हसले. तिसऱ्या दिवशी ते संध्याकाळी एक फेरी जादाची मारून आले, इस्त्रीच्या झब्ब्यात, आणि पानवाल्याने हात जोडले तेव्हा त्यांनी डोळे मिटून, छातीवर हात ठेवून ते स्वीकारले. अकरा वर्षांच्या उत्तेजनार्थनंतर एखाद्याने इतकं करावं.

घरी आले तर चंद्रभागाबाई ओट्यावर बसल्या होत्या. बंदाच्या सात ओळी झाल्या होत्या. आप्पा शेजारी टेकले. सुई अंगठ्याने पुढे ढकलत, मान वर न करता त्यांनी विचारलं, "लोक काय म्हणता, ऐकलं का? तुम्ही मुद्दाम केलं म्हणे."

आप्पांनी रस्त्याकडे बघितलं. कोणी ऐकत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून झब्ब्याला पुसला.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "मला तरी सांगा."

"अगं, इतकं वाईट मुद्दाम विणायचं म्हणजे आधी विणता यावं लागतं. मी आपला जीव ओतून विणत होतो."